वाकत्या पंखाचा हिशेब

२८ मार्च २०१० रोजी बोईंगने ७८७ विमानाचे पंख जमिनीवरच्या चाचणीत वर ओढले. उड्डाणात येऊ शकणाऱ्या कमाल भाराच्या दीडपट भार पंखांवर आला, तेव्हा टोकं सुमारे २५ फूट वर गेली होती. ते फोटो जगभर फिरले आणि कार्बन फायबरचं कौतुक झालं. पण कुठल्या जागी किती जोराने ओढायचं, याचा तक्ता कोणीतरी आधी करून ठेवला होता. हा तक्ता करणं सरळ काम नाही. पंख भाराने वाकतो आणि पिळतो, वाकल्या-पिळल्यामुळे हवेशी त्याचा कोन बदलतो, आणि कोन बदलला की मुळात धरलेला भारच खोटा ठरतो.

ड्रोन-स्पर्धेसाठी लांबलचक पंख बांधणारे विद्यार्थी आणि विमानकंपनीच्या लोड्स विभागात नुकतेच रुजू झालेले इंजिनिअर यांच्यासाठी हा लेख आहे. दोघांची चूक बहुतेकदा एकच असते. सॉफ्टवेअर आधी उघडलं जातं आणि वही नंतर, किंवा उघडलीच जात नाही. संगणक रंगीत चित्र देतो, पण चिन्ह उलटं पडलं असेल तर ते चित्रात कळत नाही.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. सरळ उड्डाण असो वा कसरत, पंखांवरची एकूण लिफ्ट विमानाचं वजन आणि तुम्ही ठरवलेले जी यांनी बांधलेली असते. पंख लवचीक आहे म्हणून विमान जड होत नाही. लवचीकता ठरवते ती लिफ्ट पंखावर कुठे बसणार हे: मुळाशी की टोकाकडे. मुळाशी बसली तर स्पार सुखात, टोकाकडे सरकली तर त्याच लिफ्टने मूळ जास्त वाकणार. पुढचा सगळा हिशेब या सरकण्याचा आहे.

उदाहरण धरून चालू. सर्वेक्षणाचं ड्रोन, वजन १२ किलो, पंखविस्तार ४ मीटर, पंखाची रुंदी मुळापासून टोकापर्यंत सारखी, ३० सेंटीमीटर. नेहमीचा वेग सेकंदाला १८ मीटर, सूर मारताना जास्तीत जास्त ३०. पंखात कार्बनची एकच गोल नळी, बाहेरचा व्यास २० मिलिमीटर, जाडी १ मिलिमीटर, पुढच्या कडेपासून ३५ टक्क्यांवर बसवलेली. वर बाल्साच्या रिब आणि फिल्म. असे पंख कॉलेजांच्या वर्कशॉपमध्ये सर्रास दिसतात.

पंख ४ जीसाठी बांधायचा असं समजा टीमने ठरवलं. हा आकडा कुठून आला, हे आधी विचारा. लिफ्टचा कमाल सहगुणक १.३ धरला तर १८ मीटर वेगाला पंख २.६ जीच्या पुढे जाऊच शकत नाही, आधी स्टॉल होतो. ४ जी मिळायला सुमारे २२ मीटर वेग लागतो. त्याच्या वर मात्र स्टॉल तुमचं रक्षण करत नाही, ऑटोपायलटचा एक जोरदार झटका पुरे. दुसरा प्रश्न वाऱ्याच्या झोताचा. सेकंदाला ३० मीटर वेगात खालून ५ मीटरचा झोत लागला, तर प्रॅट आणि वॉकर यांच्या जुन्या सूत्राने उत्तर ३.९ जी येतं. म्हणजे ४ जी पुरतो, पण जेमतेम. त्याहून वादळी हवेत उडवायचं असेल तर एकतर वेग कमी ठेवा, नाहीतर आकडा वाढवा.

प्रवासी विमानांना ही मोकळीक नसते. अमेरिकेच्या भाग २५ च्या नियमांनुसार कसरतीचा कमाल भार २.५ जीपेक्षा कमी धरता येत नाही आणि विमान हलकं असलं तरी ३.८ च्या वर जावं लागत नाही. त्यावर १.५ चा सुरक्षा-गुणक. हा दीडपट गुणक हिशेबातल्या आळसासाठी ठेवलेला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. २००६ च्या फेब्रुवारीत ए३८० चा चाचणीतला पंख १.४५ पटीच्या आसपास मोडला. इतकी बारीक कुंपणं असतात तिथे भाराच्या हिशेबात दहा टक्के हवेत सोडून चालत नाही.

आता पंख जणू ताठ आहे असं धरून पहिला हिशेब करा. यासाठी श्रेंक यांची १९४० सालची रीत अजून उत्तम आहे. प्रत्येक ठिकाणी पंखाची खरी रुंदी घ्या, तेवढ्याच क्षेत्रफळाच्या लंबवर्तुळाकार पंखाची तिथली रुंदी घ्या, दोन्हींची सरासरी काढा. लिफ्ट या सरासरीच्या प्रमाणात वाटा. आपल्या ड्रोनच्या मुळाशी ही सरासरी ३४ सेंटीमीटर येते आणि टोकाशी १५. प्रत्येक पंखावर ४ जीला २३५ न्यूटन लिफ्ट, तिचा मध्य मुळापासून ९२ सेंटीमीटरवर, म्हणून मुळाशी बेंडिंग मोमेंट सुमारे २१७ न्यूटन-मीटर.

यातून पंखाचं स्वतःचं वजन वजा करायला विसरू नका. एक पंख दीड किलोचा असेल तर ४ जीला तो ५९ न्यूटनने खाली ओढतो, सरासरी एक मीटरवर. मोमेंट २१७ वरून १५८ वर येतो, पाव भागाहून जास्त सुटका. मोठ्या विमानांत ही सुटका पंखातल्या इंधनाची आणि इंजिनांची असते. म्हणूनच पंखाच्या मुळाची खरी परीक्षा टाक्या भरलेल्या असताना होत नाही. माणसं आणि सामान पोटभर, इंधन संपत आलेलं, ती वेळ कठीण. ‘झिरो फ्युएल वेट’ची मर्यादा यातूनच आलेली आहे. ड्रोनमध्ये बॅटरी धडात न ठेवता पंखात ठेवली तर हाच फायदा फुकट मिळतो. त्याची किंमत मात्र फ्लटरच्या हिशेबात चुकवावी लागते.

इथपर्यंत सगळे येतात. पुढचा भाग पिळाचा आहे, आणि पंखाचं खरं वागणं तिथेच कळतं.

प्रत्येक भागावर पीळ दोन वाटांनी येतो. लिफ्ट रुंदीच्या २५ टक्क्यांवर लागते असं धरायची पद्धत आहे. आपली नळी ३५ टक्क्यांवर आहे, म्हणजे लिफ्ट तिच्या ३ सेंटीमीटर पुढे लागते आणि पंखाचं नाक वर करते. दुसरा पीळ छेदाच्या बाकामुळे, म्हणजे कॅम्बरमुळे. तो नाक खाली करतो, आणि तो जींवर अवलंबून नाही, वेगाच्या वर्गावर आहे. पिचिंग मोमेंटचा सहगुणक उणे ०.०५ धरा, साध्या छेदाला तो शोभतो.

सेकंदाला १८ मीटर वेगाने सरळ उडताना लिफ्टचा पीळ पंखाच्या दर मीटरला ०.८८ न्यूटन-मीटर नाक वर, कॅम्बरचा ०.८९ नाक खाली. जमा-खर्च जवळजवळ शून्य. उड्डाणाच्या व्हिडिओत पंख अगदी सरळ दिसेल आणि टीम खूश होईल. आता तेच ड्रोन ३० मीटर वेगाने सरळ जाऊ द्या. लिफ्टचा पीळ तेवढाच राहतो, कारण वजन तेवढंच आहे, पण कॅम्बरचा २.४८ वर जातो. उरले १.६ नाक खाली. त्याच वेगाला ४ जी खेचा: लिफ्टचा पीळ ३.५२, कॅम्बरचा तोच २.४८, उरला १.०४ नाक वर. एकच पंख, एकच वेग, आणि पिळाचं चिन्ह उलटं. भाराचा तक्ता एकाच परिस्थितीसाठी करून चालत नाही याचं इतकं नेमकं कारण दुसरं नाही. पंखाची टोकं कधी जास्त भार घेतात, कधी कमी. स्पारला एक वेळ छळते आणि मागच्या कडेच्या रिबला दुसरी.

या पिळाने टोक किती फिरतं, हे नळीच्या पीळ-ताठपणावर. इथे कार्बन हा शब्द फसवा आहे. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त नळ्यांत धागे बहुतेक सगळे लांबीच्या दिशेने असतात. अशी नळी वाकायला ताठ, पिळायला मऊ. तिचा शिअर मोड्युलस ५ गिगापास्कलच्या आसपास धरला तर आपल्या नळीचा पीळ-ताठपणा सुमारे २७ न्यूटन-चौरस मीटर येतो. वरच्या १.६ न्यूटन-मीटरच्या पिळाने पहिल्याच फेरीत टोक जवळपास ७ अंश खाली फिरतं. पंख तोच ठेवून पुढच्या भागावर धागे ४५ अंशात पडतील असं कापड चढवून बंद डी-बॉक्स केला, तर ताठपणा १६० सहज गाठता येतो. मग टोक फिरतं जेमतेम १.१ अंश. वजनात पडणारी भर मूठभर.

पहिली फेरी म्हटलं, कारण गोष्ट तिथे थांबत नाही. लिफ्टने नाक वर गेलं की कोन वाढतो, कोन वाढला की लिफ्ट वाढते, तिने नाक आणखी वर. चक्रवाढ व्याजासारखं चालतं हे. व्याजाचा दर म्हणजे तुमच्या वेगाचं डायनॅमिक प्रेशर भागिले डायव्हर्जन्सचं डायनॅमिक प्रेशर. दर एकाहून कमी असेल तर बेरीज कुठेतरी थांबते. एकाला पोचला की थांबत नाही, पंख पिळून मोडतो. याला डायव्हर्जन्स म्हणतात.

सारख्या रुंदीच्या सरळ पंखासाठी डायव्हर्जन्सचं प्रेशर वहीत एका ओळीत निघतं. पीळ-ताठपणाला २.४७ ने गुणा. मग एका पंखाच्या लांबीचा वर्ग, नळीपासून लिफ्टच्या रेषेचं अंतर, पंखाची रुंदी आणि कोनाबरोबर लिफ्ट वाढण्याचा दर, या चौघांच्या गुणाकाराने भागा. आपल्या ड्रोनला लांबी २ मीटर, अंतर ०.०३, रुंदी ०.३ आणि दर रेडियनला ५.४. नुसत्या नळीने उत्तर येतं ३४३ पास्कल, म्हणजे सेकंदाला २३.७ मीटर. सूर मारायचा वेग ३०! ज्या पंखाची बेंडिंगची ताकद ४ जीला पुरेल म्हणून टीमने सुस्कारा टाकला, तो तिथवर पोचणारच नाही. डी-बॉक्स घातल्यावर हाच वेग ५८ मीटर होतो. भाग २५ च्या नियमांत सूर मारायच्या वेगाच्या १५ टक्के पुढेपर्यंत डायव्हर्जन्स आणि फ्लटर नसावं अशी अट आहे. आपल्या ड्रोनला ती ३४.५ मीटर. ड्रोनला नियम लागू नसला तरी अट पाळण्यासारखी आहे.

इथे दीडपट गुणक उपयोगाचा नाही, हे लक्षात घ्या. स्पार दीडपट मजबूत केला तरी पीळ-ताठपणा वाढेलच असं नाही, आणि मजबुतीने डायव्हर्जन्स हलत नाही.

उलट, मजबुतीने घातही होतो. १९१८ साली फोकरच्या एकपंखी लढाऊ विमानाचे पंख हवेत मोडू लागले. खुद्द फोकर यांनी सांगितलेली हकीकत अशी की सैन्याच्या भारचाचणीच्या नियमांपायी मागचा स्पार जास्त मजबूत करायला लावला गेला, आणि त्यानंतर अपघात सुरू झाले. मागचा स्पार ताठ झाला की पंख ज्या रेषेभोवती पिळतो ती रेषा मागे सरकते. लिफ्टचं अंतर वाढतं, व्याजाचा दर चढतो. म्हणून स्पार जाड करण्याआधी तो कुठे बसलाय ते बघा. नळी ३५ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर आणली तर आपल्या ड्रोनचं डायव्हर्जन्स कागदावरून नाहीसंच होतं. कॅम्बरचा पीळ मात्र राहतो. शिवाय डी-बॉक्स घातला की ही रेषाही पुढे सरकते, तेव्हा अंतर पुन्हा काढा.

आता मूळ प्रश्नाकडे. डी-बॉक्सचा पंख, ३० मीटर वेग, कॅम्बरचा पीळ घटकाभर बाजूला. व्याजाचा दर येतो ०.२७, म्हणजे मुळाचा कोन तोच ठेवला तर लिफ्ट ढोबळमानाने ३७ टक्के वाढायला हवी. पण एकूण लिफ्ट तर ४ जीने बांधलेली! ऑटोपायलट नाक खाली घेणार आणि बेरीज जुळवणार. शेवटी मुळाशी बेंडिंग मोमेंट वाढतो फक्त ६ टक्के. विद्यार्थ्यांच्या अहवालांत हे दोन आकडे एकमेकांच्या जागी बसलेले नेहमी सापडतात. कोणी ३७ टक्क्यांनी स्पार जाड करून पंख जड करतो, कोणी लवचीकता नगण्य म्हणून सोडून देतो. ट्रिम केल्याशिवाय लवचीक पंखाचा भार सांगूच नका. गस्टच्या पहिल्या क्षणी मात्र ट्रिम करायला वेळ नसतो. तिथे वाढीव लिफ्ट खरीच अंगावर येते.

मागे झुकवलेल्या पंखात सगळं उलटं होतं. असा पंख वर वाकला की त्याची मागची कड पुढच्या कडेपेक्षा जास्त उचलली जाते, म्हणजे वाऱ्याच्या दिशेने पाहिलं तर कोन कमी होतो. पंख ३५ अंश झुकलेला आणि टोकाजवळ वाकण्याचा उतार ५ अंश असेल, तर कोन जवळजवळ २.९ अंशांनी घटतो. टोकं भार सोडतात, लिफ्ट मुळाकडे येते, स्पारला दिलासा. डायव्हर्जन्सची चिंता बहुधा मिटते. बदल्यात दोन दुखणी. लिफ्ट मुळाकडे, म्हणजे पुढे सरकल्याने विमानाची पिचमधली स्थिरता बदलते. आणि एलेरॉन खाली केला की पंखच नाक खाली करून पिळतो, एलेरॉनचं काम फुकट जातं. बोईंगच्या बी-४७ बॉम्बरचे ३५ अंश झुकलेले सडपातळ पंख यासाठी कुप्रसिद्ध होते. खालच्या उंचीवर वेग फार वाढला की एलेरॉन उलटं काम करू लागायचे, म्हणून वेगालाच ४२५ नॉटचा लगाम घातला होता. पुढे झुकवलेल्या पंखात याच्या अगदी उलट, डायव्हर्जन्स दारातच उभं. १९८४ साली उडालेल्या एक्स-२९ मध्ये कार्बनच्या थरांची दिशा मुद्दाम तिरकी ठेवली होती, म्हणजे पंख वाकताना नाक खालीही पिळेल. तेवढ्यानेच ते शक्य झालं.

यातून कारखान्यातला एक व्यवहारी मुद्दा निघतो. तुम्हाला हवा असलेला आकार उड्डाणातला आहे, जिगवर बांधायचा आकार वेगळा. क्रूझच्या मध्यावरचं वजन धरून पंख किती वाकेल-पिळेल ते काढा आणि तेवढा उलटा पीळ जिगमध्ये द्या. मग बाकीच्या सगळ्या परिस्थितींचा भार याच जिग-आकारापासून काढा. उड्डाणातल्या आकारापासून सुरुवात केलीत तर लवचीकता दोनदा मोजली जाईल. नियम २५.३०१ मध्येही सरळ म्हटलंय की भाराखाली आकार बदलल्याने भाराची वाटणी लक्षणीय बदलत असेल तर ती धरलीच पाहिजे.

वहीतली उत्तरं हातात आली की सॉफ्टवेअर उघडा. सरळ-सोप्या पंखाला मार्क ड्रेला आणि हॅरॉल्ड यंगरेन यांचं फुकट मिळणारं एव्हीएल पुरतं. त्यातला पंख ताठ असतो, पण फेऱ्या तुम्ही हाताने मारू शकता. भार काढा, पीळ काढा, नवा पीळ भूमितीत घाला, ट्रिम करून पुन्हा चालवा. तीन-चार फेऱ्यांत आकडे स्थिरावले नाहीत तर दर एकाजवळ गेलाय असं समजा, सॉफ्टवेअरवर खापर फोडू नका. उद्योगात हेच काम नॅस्ट्रानचं १४४ क्रमांकाचं सोल्युशन करतं. त्यात वायुगतिकीचं जाळं आणि संरचनेचं जाळं एकमेकांना स्प्लाइनने जोडावं लागतं, आणि बहुतेक घोळ या जोडणीतच होतात. दोन्ही जाळ्यांवरची एकूण लिफ्ट आणि मुळाचा मोमेंट जुळतो का, हे दर वेळी तपासा. न जुळणारा तक्ता स्ट्रक्चर्सवाल्यांना पाठवू नका.

गस्टसाठी स्थिर हिशेब अपुरा पडतो. प्रॅटचं सूत्र विमान ताठ आहे असं धरतं. खरा पंख झोताने हेलकावतो, आणि झोताची लांबी त्याच्या हेलकाव्याच्या लयीशी जुळली तर मोमेंट स्थिर आकड्याच्या पुढे जातो. म्हणून भाग २५ एकच झोत न धरता ३० ते ३५० फुटांत शिखर गाठणारे, वेगवेगळ्या लांबीचे झोत तपासायला लावतो. सगळ्यांत मोठा झोत सगळ्यांत वाईट असेलच असं नाही.

आणि एक हद्द अशी आहे की जिच्यापुढे या लेखातलं काहीच चालत नाही. टोक अर्ध्या पंखविस्ताराच्या दहा टक्क्यांहून बरंच जास्त वर जाऊ लागलं की लिफ्टची दिशा फिरते आणि विमानाचं जडत्वही बदलतं. नासाचं सौरऊर्जेवरचं हेलिओस, पंखविस्तार २४७ फूट, २६ जून २००३ रोजी हवाईतल्या काउआई बेटाजवळ समुद्रात पडलं. खळबळीच्या हवेत त्याचे पंख वर वाकले ते तसेच राहिले. त्या आकारात विमान पिचमध्ये अस्थिर झालं, हेलकावे वाढत गेले, वेग मर्यादेबाहेर गेला आणि पंखाचं आवरण फाटलं. चौकशी समितीने अशा विमानांसाठी हवा, संरचना आणि नियंत्रण यांचा एकत्रित, क्षणाक्षणाचा हिशेब करणाऱ्या पद्धती हव्यात असं सुचवलं. ड्रेला यांचं एस्विंग त्या प्रकारचं आहे. आपलं ड्रोन नुसत्या नळीवर ४ जीला टोक अर्धा मीटरहून जास्त वर नेतं, म्हणजे हद्दीच्या पलीकडेच.

शेवटी, पंख तयार झाला की मोजा. नळीच्या कागदावर छापलेल्या मोड्युलसवर विसंबू नका. पंखाचं मूळ टेबलाला घट्ट आवळा. टोकाच्या रिबवर रुंदीच्या दिशेने एक लाकडी पट्टी बांधा, तिच्यावर मोबाइलमधलं कोन मोजणारं ॲप ठेवा. एक किलोचं वजन पट्टीवर मागे-पुढे सरकवत जा. ज्या जागी ठेवल्यावर टोक नुसतं खाली वाकतं, पिळत नाही, ती तुमच्या पंखाची पिळाची रेषा. तिथपासून २५ टक्क्यांपर्यंतचं अंतर सूत्रात घाला. आता वजन त्या रेषेपासून २० सेंटीमीटर पुढे न्या. मऊ नळीचा पंख सुमारे ८ अंश फिरेल, डी-बॉक्सवाला दीड अंशाच्या आत. वजनाचा मोमेंट गुणिले पंखाची लांबी भागिले कोन, रेडियनमध्ये, हा तुमचा खरा पीळ-ताठपणा. दुसऱ्या पंखावरही हेच करा. दोन्हींत ठळक फरक निघाला तर वेग वाढताना ड्रोन एका बाजूला कलेल. ते एलेरॉनच्या ट्रिमने झाकू नका, मऊ निघालेल्या पंखाचा डी-बॉक्स उघडून कापडाचा जोड कुठे सुटलाय ते शोधा.